चेल्लत्ताय अक्काचा ज

६ ऑगस्ट

नोकरी लागली. प्रेसचं नाव इथे लिहीत नाही, ही वही घरी जाताना सात्तूरच्या बसमध्ये राहून गेली तर पंचाईत व्हायची. एवढंच लिहिते की शिवकाशीतली प्रेस आहे आणि कॅलेंडरं छापते. मालकांना सगळे अण्णाच्ची म्हणतात. मीही म्हणायला लागले, कारण त्यांचं खरं नाव तंगपांडी आहे हे मला संध्याकाळी दारावरची पाटी वाचून कळलं.

या वर्षी अण्णाच्चींनी जुने फॉन्ट टाकून नवा तमिळ प्रोग्राम विकत घेतला. तो कुणालाच नीट चालवता येईना, म्हणून मी. टाइपिंगच्या खोलीत तीन कॉम्प्युटर आहेत. खिडकीपाशी चेल्लत्ताय अक्का बसते. ती इथे अठ्ठावीस वर्षं आहे, शिशाचे खिळे जुळवायची तेव्हापासून. मधल्या कॉम्प्युटरवर मुरुगेसन. तो तीस वर्षांचा असेल, बोलतो कमी. दारापाशी मी.

पहिल्याच दिवशी गंमत कळली. तिघंही तमिळच लिहितो, पण तिघांचे कीबोर्ड तीन तऱ्हांनी मांडलेले आहेत. मी इंग्रजी अक्षरं दाबून तमिळ उमटवते, कॉलेजात सगळे तसंच करायचे. मुरुगेसन सरकारी मांडणी वापरतो, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या. अक्का जुन्या टाइपरायटरची मांडणी वापरते. मी चुकून तिच्या जागेवर बसून ‘वणक्कम’ टाइप केलं तर जे उमटलं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. अक्का म्हणाली, “जिची तिची खुर्ची जिला तिला.”

९ ऑगस्ट

आजचं दुखणं: अक्कानं गेल्या वर्षी टाइप केलेली पानं नव्या प्रोग्राममध्ये उघडली की जिथे तिथे ठिपक्यांचं वर्तुळ येतं, आणि एकारान्त अक्षरांची खूण भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते.

सकाळभर डोकं खाजवलं. मग अक्काच्या हाताकडे बघत बसले आणि कळलं. आपण तमिळमध्ये कागदावर ‘के’ लिहितो तेव्हा ए-ची खूण आधी काढतो, ती अक्षराच्या डावीकडे असते. मग क. टाइपरायटरवरही तसंच, आधी खूण, मग क. पण तोंडानं म्हणताना क आधी आणि ए नंतर. नवा प्रोग्राम तोंडाच्या क्रमानं चालतो. अक्काची बोटं हाताच्या क्रमानं.

मला हे इतकं आवडलं की मी तिला लगेच सांगितलं. टाइपरायटर हाताचं ऐकायचा, कॉम्प्युटर तोंडाचं ऐकतो. अक्का म्हणाली, “म्हणजे आता बडबड करणाऱ्यांचे दिवस.” मुरुगेसन हसला. त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

प्रोग्राममध्ये हे उलटं करायची सोय निघाली. जुनी पानं दुपारपर्यंत सरळ झाली. अण्णाच्चींनी करुपट्टीची, म्हणजे ताडगुळाची, कॉफी पाठवली, फक्त मला.

१६ ऑगस्ट

मुरुगेसनलाही आता या विषयाची गोडी लागली आहे. रोज एक नवी शंका घेऊन येतो. आज म्हणाला, दोन्ही बाजूंनी खूण येणारं अक्षर नीट उमटतं का हे तपासायला एक चांगला शब्द हवा. आणि त्यानंच शोधला. माझं नाव. पोन्सेल्वीतल्या ‘पो’ला खूण अलीकडेही येते आणि पलीकडेही. त्यानं पानभर तेच टाइप करून बघितलं. चिकाटीचा माणूस आहे.

मी आता पान बघून सांगू शकते की ते कोणी टाइप केलं. कान्याच्या जागी र पडला असेल तर हात टाइपरायटरचा, कारण जुन्या तमिळ छापात दोन्ही सारखेच दिसतात. डोळ्याला फरक नाही, पण कॉम्प्युटरला शोधायला सांगितलं की तो शब्द सापडत नाही. जोडाक्षराचा पाय मोडणारं टिंब जास्तीचं असेल तर मुरुगेसन, कारण त्याच्या मांडणीत ते आपोआप येतं आणि तरी तो सवयीनं पुन्हा देतो. माझ्या चुका न आणि ण-च्या. चुकांनाही चेहरा असतो.

२८ ऑगस्ट

अक्काबद्दल माझं मत काही ठरत नाही.

कामात तिचा हात धरणारं कोणी नाही. टाइप करताना ती पडद्याकडे बघतसुद्धा नाही. मजकूर नाकासमोर उभा करून ठेवते, पडदा बाजूला ढकललेला. तिच्या पानाचं प्रूफ इथे कोणी वाचत नाही, वाचायची गरज पडली नाही म्हणतात.

पण गर्व फार. आज मी तिच्या उजव्या बाजूला चहाचा पेला धरून उभी राहिले, किती तरी वेळ. तिनं ढुंकून पाहिलं नाही. शेवटी मी पेला टेबलावर ठेवला, तर तिनं हात लांबवून कागद ओढला आणि चहा सगळा सांडला. वर मलाच म्हणाली, “समोरून येत जा गं पोरी. चोरासारखी बाजूनं काय येतेस?”

आणि संध्याकाळी तीच बाई माझ्या दंडाला धरून बस स्टँडपर्यंत चालते. गेला आठवडाभर रोज. वाटेत कॅलेंडरांच्या पत्र्याच्या पट्ट्या भरलेल्या हातगाड्या, कागदाचे गठ्ठे, त्यातून मी तिला नेते. घरच्यासारखी बोलते तेव्हा. तिची आई अजून आहे, ऐंशीच्या पुढची, तिला रोज मुरमुऱ्याचा लाडू लागतो. मला वाटतं प्रेसमध्ये वरचढपणा दाखवायचा आणि बाहेर माया करायची अशी तिची पद्धत असावी.

१० सप्टेंबर

संकट.

विरुदुनगरच्या एका सोनाराची कॅलेंडरं छापून, पत्रा मारून, गठ्ठे बांधून तयार झाली होती. दुकानाचं नाव जेयलक्ष्मी ज्वेलर्स. खालच्या पट्टीवर छापलं गेलं ‘सेयलक्ष्मी स्वेलर्ज’. पहिला गठ्ठा सोनाराच्या दुकानात उघडला तेव्हा लक्षात आलं. म्हणे त्याच्या बायकोला हसू आवरेना आणि त्याचा राग आवरेना.

अण्णाच्ची खोलीत आले. ओरडले नाहीत, ते ओरडत नाहीत. म्हणाले, “अठ्ठावीस वर्षांत या खोलीतून असं काही बाहेर गेलं नाही. नवा प्रोग्राम आला आणि गेलं. तुझ्या मशिनात काय आहे ते तू शोध. आयुधपूजेपर्यंत सापडलं नाही तर जुने फॉन्ट परत, आणि तू सात्तूरला परत.”

पट्टी अक्कानं टाइप केली होती. ती पट्टी हातात घेऊन, अगदी डोळ्यांजवळ आणून वाचत बसली.

१२ सप्टेंबर

भीती वाटते आहे, पण खरं सांगायचं तर मजाही येते आहे. वहीत खोटं कशाला लिहू.

ज-च्या जागी स आणि स-च्या जागी ज. बाकी सगळं पान स्वच्छ, तिथी, नक्षत्र, राहुकाळ, काही चुकलेलं नाही. का? तर साध्या तमिळ शब्दांत ज, स, ष, ह ही चार अक्षरं लागतच नाहीत. राहुकाळातला ह आम्ही क-नं लिहितो, माझ्या नावातला स च-नं. ती लागतात नावांत, दुकानांच्या पाट्यांत, देवांच्या संस्कृत नावांत. म्हणजे बिघाड फक्त या चार अक्षरांत आहे, आणि ती आली नाहीत तर तो असून दिसत नाही.

अक्काच्या कॉम्प्युटरवर बसून एकेक कळ दाबून पाहिली. सगळं बरोबर. ज दाबला की ज येतो.

दुपारी लाइट गेली. चार वाजता आली. परत बसले, कळ दाबली, आणि स आला.

मी उठून उडीच मारली असती, पण मुरुगेसन बघत होता.

१३ सप्टेंबर

झालं असं आहे. प्रोग्राममध्ये टाइपरायटरची मांडणी एक नाही, दोन आहेत, जुनी आणि नवी. फरक चारच कळांचा, ती चार अक्षरं इकडची तिकडे. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात दोन्हींची खूण जवळजवळ सारखी. मी स्वतः महिनाभर एकच समजत होते. मी अक्काला जुनी लावून दिली होती. कॉम्प्युटर नीट बंद केला तर तो ते लक्षात ठेवतो. पण लाइट गेली आणि बॅटरीही संपली की दुसऱ्यांदा चालू होताना तो आपल्या मूळ सवयीवर जातो, म्हणजे नव्या मांडणीवर.

मुरुगेसनचाही तसाच जातो. पण त्याच्या बोटांखाली मग पहिल्या शब्दापासूनच काहीतरी भलतं उमटतं, तो कोपऱ्यात बघतो आणि बदलतो. अक्काचं पान मात्र नव्याण्णव टक्के बरोबर उमटत राहतं.

प्रोग्रामवाल्यांना चेन्नईला फोन केला. ते म्हणाले, मशीन नीट बंद करत जा. मी म्हटलं, इथे लाइट आम्हाला विचारून जात नाही.

१५ सप्टेंबर

उपाय केला. कोपऱ्यातली ती बारीक खूण काढून तिथे चौकोन लावला. जुनी मांडणी असेल तर हिरवा, दुसरी कुठलीही असेल तर लाल. अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा. अक्काला दाखवला, म्हटलं, लाइट आली की आधी इथे बघायचं. लाल असेल तर ही कळ दाबायची. ती “बरं” म्हणाली.

मुरुगेसन म्हणाला त्याच्याकडेही लाव. त्याला गरज नाही, तरी लावून दिला. मला सुक्कु कॉफी आणून दिली त्यानं, सुंठ जास्त पडली होती.

२० सप्टेंबर

पुन्हा झालं. यावेळी छापण्याआधी पकडलं, मीच पकडलं. ‘राजा स्टोर्स’चं ‘रासा ज्टोर्ज’.

मी अक्काकडे गेले. समोरून गेले, तिला आवडतं तसं. पडद्यावर चौकोन लाल भडक होता. मी स्वतः पाहिला. तरी विचारलं, “अक्का, लाइट आल्यावर बघितलंत का? हिरवा आहे ना?”

ती पडद्याकडे वळली, जराशी बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, “हो. हिरवाच आहे.”

लाल असताना.

माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. मी कळ दाबून तो हिरवा केला आणि जागेवर येऊन बसले. एवढ्या वर्षांची बाई, माझ्याशी असा खेळ का करते? आयुधपूजेला महिनाच उरला आहे. मी गेले की जुने फॉन्ट परत येणार, आणि खोली पुन्हा तिची. दुसरं काय कारण असणार.

संध्याकाळी तिनं दंड धरला तेव्हा मी बस लवकर आहे म्हणून पुढे निघून गेले.

२१ सप्टेंबर

अण्णाच्चींना सांगितलं. जे खरं तेवढंच. मशिनात दोष होता, तो सापडला, त्याला उपाय केला, उपाय चालतो. मुरुगेसनला आणि मला त्रास नाही.

त्यांनी विचारलं, “मग तिला का?”

मी म्हटलं, “त्या बघत नाहीत.”

“बघत नाही, की बघायचं नाही?”

मी गप्प बसले. हेही एक उत्तरच होतं, ते मला तेव्हाच कळत होतं.

दुपारी अक्काला खाली बांधणीत पाठवलं. कॅलेंडराच्या वरच्या पत्र्याच्या पट्टीत दोरा ओवायचा. खिडकीजवळची खुर्ची रिकामी. माझी नोकरी टिकली. अम्माला सांगितलं तर तिनं दुकानातून कारासेव आणली. मला एक घास गेला नाही, पोट बिघडलं असेल.

२५ सप्टेंबर

आज जे पाहिलं ते नीट लिहिते.

सुटल्यावर मी दाराबाहेर पानाच्या टपरीशी उभी होते. अक्का एकटी बाहेर आली. उजेड कमी झाला होता, दिवे अजून लागले नव्हते. ती माझ्या अगदी जवळून गेली, हात लांबवला असता तर पदराला लागला असता. बघितलं नाही. मला वाटलं, राग आहे, असणारच.

पुढे कागदाचे गठ्ठे उतरवून एक हातगाडी उभी होती, दांडे रस्त्यात आलेले. अक्का सरळ त्या दांड्यावर गेली. कमरेवर बसला. तोंडातून आवाज काढला नाही. थांबली, हातानं चाचपलं, दांडा कुठे संपतो ते बघितलं, म्हणजे हातानं बघितलं. मग पदर सारखा केला आणि काही झालंच नाही अशी चालायला लागली. चार पावलांवर गटाराचा कट्टा. तिथे तिनं पाय आधी हवेत फिरवला, मग टेकला.

मी धावत गेले. बाजूनं हाक मारली, “अक्का.”

तिनं मान वळवली, आणखी वळवली, अख्खं अंग वळवलं, तेव्हा कुठे तिचे डोळे माझ्यावर आले.

मी वेडी आहे. चहा, चौकोन, दंडाला धरून चालणं. सगळं माझ्या समोर होतं आणि मी कीबोर्ड तपासत होते.

मी विचारलं, “तो चौकोन तुम्हाला दिसलाच नाही ना?”

एक बस गेली. मग म्हणाली, “समोरचं दिसतं. अक्षर दिसतं, तुझं नाक दिसतं. पण कटिंगवाल्यानं चारी बाजूंनी पान कापत आणलंय. दोन वर्षं झाली. आता मजकुराला लागलंय.”

“मग हिरवा का म्हणालात?”

“तू विचारलंस त्यात उत्तर होतं. हिरवा आहे ना, म्हणालीस. मी हो म्हटलं.”

डॉक्टरला दाखवलं का, तर नाही. कुणाला सांगितलं का, तर नाही. आईला सांगून ती काय करणार, म्हणाली, आणि अण्णाच्चींना सांगितलं तर जे आता झालं ते दोन वर्षं आधी झालं असतं.

मी तिचा हात धरून तिला घरापर्यंत सोडलं. दोन बस चुकल्या.

१ ऑक्टोबर

मदुरैला डोळ्यांच्या इस्पितळात गेलो. अक्का येत नव्हती. मी तिला सांगितलं की मला तिथली यंत्रं बघायची आहेत, आणि हे काही अगदी खोटं नव्हतं.

एक यंत्र तर असं आहे की पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, समोरच्या ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूला बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी त्या चालवणाऱ्या बाईंच्या मागे उभी राहून त्यांचा पडदा बघत होते. दिवे लागत होते, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. अक्काचा अंगठा बटणावर तयार होता आणि हलत नव्हता. फक्त मधे दिवा आला की टक. मग पुन्हा शांत. मला बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटलं, पण मी राहिले.

काचबिंदू. डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते. म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली टिकवता येईल, थेंब रोज घातले तर, आयुष्यभर. अक्कानं त्यांना एकच विचारलं, “मधलं राहील?” ते म्हणाले, नीट काळजी घेतली तर बहुतेक राहील. ती म्हणाली, “मजकूर मधेच असतो.”

येताना बसमध्ये तिनं खिडकीकडची जागा मला दिली. म्हणाली, मला तशीही दिसत नाही.

३ ऑक्टोबर

मी अण्णाच्चींशी बोलणार होते. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं. पण सकाळी गेले तर अक्का त्यांच्या टेबलासमोर आधीच उभी. दार उघडं होतं, मुरुगेसन आणि मी बाहेर.

तिनं सगळं स्वतः सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही, माझंही नाही. शेवटी म्हणाली, “डोळे गेलेत, तेही थोडे. बोटं जागेवर आहेत, अण्णाच्ची. दोरा ओवायला नजर जास्त लागते, तुम्ही मला उलट्या कामावर बसवलंत.”

अण्णाच्ची टेबलावरच्या काचेखालचा देवाचा फोटो बघत बसले होते. मग त्यांनी मला आत बोलावलं आणि विचारलं, “तुला हे माहीत होतं? मला सांगायला आलीस तेव्हा?”

मी नाही म्हटलं. हे खरं आहे. पण त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं त्यावरून मला असं वाटलं की माहीत नसणं हे काही मोठं भूषण नाही.

ठरलं ते असं: अक्का परत खिडकीपाशी. तिचं प्रत्येक पान मी वाचायचं आणि माझी सही झाल्याशिवाय छपाईची प्लेट काढायची नाही. “चूक बाहेर गेली तर दोघींना जाब विचारीन,” अण्णाच्ची म्हणाले. अक्का म्हणाली, “वाचू दे. अठ्ठावीस वर्षांत कोणी वाचलं नव्हतं.”

६ ऑक्टोबर

आणि त्या लालहिरव्या चौकोनाचं खूळ काढून टाकलं. दोन दिवस प्रोग्रामच्या पोटात शिरले होते. आत एक साधी फाइल निघाली. त्यात कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर, एवढंच ओळीनं लिहिलेलं. नव्या मांडणीतल्या त्या चार अक्षरांच्या जागा मी बदलल्या आणि जुनीसारख्या करून टाकल्या. आता लाइट कितीही वेळा जाऊ दे, मशीन जुन्यावर येऊ दे नाहीतर नव्यावर, अक्काच्या बोटाखाली ज आहे तिथेच ज.

इतके दिवस मी माणसानं कुठे बघावं ते शिकवत होते. बदलायच्या होत्या चार ओळी.

मुरुगेसनला दाखवलं तर म्हणाला, मला पण ती फाइल समजावून सांग. म्हटलं तुझ्या मांडणीत काही बिघडलेलं नाही. तो म्हणाला, बिघडू शकतं. तो आता संध्याकाळी सात्तूरच्या बसनं येतो. त्याचं घर तिरुत्तंगलला, अगदी उलट्या बाजूला. मी विचारलं तर म्हणाला, तिकडची हवा बरी आहे. सात्तूरची हवा. चमत्कारिकच आहे जरा.

२३ ऑक्टोबर

आयुधपूजा. काम बंद. छपाईच्या यंत्रांना, कटिंगच्या पात्याला, तिन्ही कीबोर्डांना गंध-कुंकू लागलं. मुरमुरे आणि उकडलेले हरभरे वाटले. अण्णाच्चींनी मला परत पाठवलेलं नाही, ते ही मुदत विसरले की विसरल्यासारखं करतात कोण जाणे. कुंकू नेमकं माझ्या एंटरच्या कळेत गेलं आहे, उद्या साफ करावं लागेल.

२ नोव्हेंबर

दिवाळीआधीची घाई. दिवसाला किती दुकानांची नावं जातात त्याला गणती नाही. आतापर्यंत अक्काच्या पानांत मला तीन चुका सापडल्या, तिन्ही मजकुरातल्याच, दुकानदारांनी लिहून दिलेल्या.

आज दुपारी जेवण झालं आणि लाइट गेली. बॅटरीही लवकरच बसली. पंखे थांबले. मुरुगेसन खाली जाऊन चहा आणतो म्हणाला. मी दाराशी वारा घेत उभी होते. अक्का खिडकीपाशी, पडदा काळा, बोटं तरी कीबोर्डवर ठेवलेली.

म्हणाली, “इकडे ये. इथे बस.”

तुमच्या खुर्चीवर? असं नाही विचारलं मी, पण पहिल्या दिवसाची आठवण झाली. ती उठली आणि मला बसवलं. ती उजव्या हाताला उभी राहिली, जिथून तिला मी दिसत नाही.

म्हणाली, “तुला आमची मांडणी माहीत आहे. येत नाही. डोळे मीट.”

मी म्हटलं, मशीन बंद आहे, काही उमटणार नाही. म्हणाली, म्हणूनच. डोळे मिटले. तिनं माझी बोटं धरून एकेका कळेवर ठेवली. तिच्या बोटांची टोकं कडक आहेत. य, ळ, न, क, प, पुन्हा क. सगळी सुरुवात तिथून. पुन्हा. पुन्हा. काळ्या पडद्यापुढे मी मिटल्या डोळ्यांनी तमिळची मुळाक्षरं नव्यानं गिरवत होते आणि मला वेळेचं भान नव्हतं. मुरुगेसन चहा ठेवून गेला असावा, तो गार झाला.

मग ती शब्द सांगायला लागली. साधे. आई. पाणी. मीठ. मी चाचपडत दाबत होते, ती ऐकत होती. “मीठ परत,” म्हणाली. “शेवटची कळ चुकली.” मी विचारलं, कसं कळलं. म्हणाली, करंगळीचा आवाज हलका येतो, तुझा जोरात आला.

मग म्हणाली, “जेयलक्ष्मी.”

मी आधी खूण दाबली, हाताच्या क्रमानं. मग ज शोधला. बोट नेलं, थांबले, दाबलं.

खोलीत काही आवाज नव्हता. खाली बांधणीतल्या बायका हसत होत्या.

“स दाबलास,” अक्का म्हणाली. “डोळे उघडू नकोस. पुन्हा.”